टाळीची साक्ष

आमच्या देवघराच्या खालच्या खणात सहाणेशेजारी रक्तचंदनाची एक बाहुली असते. वीतभर उंचीची, नाकडोळे जवळजवळ पुसून गेलेली. माझ्या आजीने ती तिरुपतीच्या यात्रेहून आणली, असे घरात सांगत. कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या गालाला सूज आली, की पाण्याच्या चार थेंबांत बाहुली सहाणेवर उगाळायची आणि लेप द्यायचा, हा घरचा शिरस्ता. चार पिढ्यांच्या सुजा उतरवता उतरवता ती पायाकडून झिजत गेली आहे. २०२४ च्या डिसेंबरात माझा सोळा वर्षांचा नातू हीच बाहुली हातात घेऊन मला म्हणाला, "आजोबा, हेच ते लाल चंदन का? 'पुष्पा'मधलं?" मी हो म्हटले. त्यावर त्याने एक खांदा उचलला, हाताची पालथी मूठ हनुवटीखालून फिरवली आणि बाहुलीकडे नव्या आदराने पाहिले. या लाकडाला घरात एवढा मान त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

नातवाच्या आग्रहास्तव मी त्याच्याबरोबर 'पुष्पा २' पाहावयास गेलो. सुकुमार यांनी दिग्दर्शित केलेला हा तेलुगू चित्रपट ५ डिसेंबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा पहिला भाग १७ डिसेंबर २०२१ चा. शेषाचलमच्या डोंगरात रक्तचंदनाची झाडे तोडणारा एक हमाल चोरट्या व्यापाराचा सम्राट कसा होतो, अशी ही कथा. आम्ही ती हिंदीतून पाहिली. नायक अल्लू अर्जुन यांच्या तोंडचा हिंदी आवाज आपल्या श्रेयस तळपदे यांचा आहे. म्हणजे मूळ चित्तूरकडच्या तेलुगू बोलीतला माणूस, मराठी नटाच्या कंठातून, हिंदी भाषेत, सुरतेच्या कतारगामात बोलत होता. या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीने मूळ तेलुगूपेक्षाही अधिक धन मिळविले, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रवास किती लांबचा आणि किती सहज झाला, याची कल्पना येते.

तीन तास वीस मिनिटे मी पडद्याकडे जितके पाहिले, तितकेच आजूबाजूलाही पाहिले. ज्या कतारगामची पापडी उंधियोसाठी सुरतेत आजही नावाने मागतात, तेथे आता वाड्या उरल्या नाहीत. हिऱ्यांचे कारखाने आणि यंत्रमाग आहेत. प्रेक्षागृहात ते सारे कतारगाम बसले होते. सौराष्ट्रातून आलेले रत्नकलाकार, मागावरचे उडिया कामगार, उधना-लिंबायतकडून आलेली खानदेशी मुले, आणि काही तेलुगू कुटुंबे. नायकाने पहिल्यांदा मान वर केली तेव्हा जी शिट्टी उठली, तिला कोणतीही एक मातृभाषा नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी जो भेटेल त्याला त्याचे मत विचारीत सुटलो. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा रत्नकलाकार घंटीवर हिरे घासतो. मजुरी नगावर, आणि बाजारात मंदी, म्हणून नगही कमी. तो म्हणाला, "काका, त्रण कलाक कोईनुं सांभळवुं न पड्युं." तीन तास कुणाचे ऐकून घ्यावे लागले नाही! माझ्या ओळखीचे एक तेलुगू गृहस्थ आहेत. करीमनगरकडून सुरतेत आलेले, पद्मशाली, आयुष्य मागावर गेलेले. सोलापूर आणि भिवंडी येथे त्यांच्या जातभाईंची जी जुनी वस्ती आहे, तिचाच एक धागा सुरतेत आला आहे. त्यांनी चित्रपट तेलुगूत पाहिला होता. मारामाऱ्यांविषयी ते काही बोलले नाहीत. "आमच्याकडे चित्तूरच्या बोलीला हसतात हो. ती बोली या वेळी नायकाच्या तोंडी होती," एवढेच ते म्हणाले. नातवाचे मत सर्वांत थोडक्यात होते : "त्याला कुणी 'हाड्' म्हटलं तर तो ऐकून घेत नाही, बस."

आणि आमच्या मंडळातील एक ज्येष्ठ स्नेही, जन्मभर शिक्षकी केलेले. ते म्हणाले, "तस्कराला टाळ्या! यापुढे दीपस्तंभ कोणास म्हणावे?"

या चार मतांनी मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. प्रश्न साधा दिसतो. कायदा मोडणाऱ्या, माणसे मारणाऱ्या, वन लुटणाऱ्या नायकाला जो टाळी देतो, तो त्या कृत्याला संमती देतो काय? आणि देत नसेल, तर ती टाळी नेमकी कशाची असते?

आमच्या स्नेह्यांचा आक्षेप पोकळ नाही. त्याला शास्त्राचा आधारही देता येतो. भरताने वीर आणि रौद्र या रसांत स्पष्ट भेद केला आहे. वीराचा स्थायीभाव उत्साह, आणि तो उत्तम प्रकृतीच्या पुरुषाचा. रौद्राचा स्थायीभाव क्रोध, आणि त्याचे आश्रय राक्षस, दानव व उद्धत मनुष्य. ज्याला तेलुगू चित्रव्यवसायात कौतुकाने 'मास' म्हणतात, त्या जातीचा चित्रपट रौद्र रसच वीराच्या नावाने विकतो, असे म्हणता येईल. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात हीच भीती दुसऱ्या शब्दांत मांडली आहे. जे विकार आपण घरी आवरून धरतो, त्यांनाच नाट्यगृहात खाऊपिऊ घालतो, आणि पोसलेला विकार पुढे घरीही येतो.

पण त्याच भरताने नाट्याच्या सिद्धीचा विचार करताना प्रेक्षकांचे भेदही मान्य केले आहेत. तरुण शृंगारात रमतात, शूरांना वीर-रौद्र आवडतात, आणि वृद्धांना धर्माख्याने व पुराणे. म्हणजे आमच्या स्नेह्यांचे आणि माझे मत हे जसे विवेकाचे, तसे काही अंशी वयाचेही आहे. आपले मत तेवढे विचार आणि दुसऱ्याचे ते विकार, असे मानण्यापूर्वी थोडे थांबलेले बरे.

थांबण्याचे आणखी एक कारण आपण सुरतकर मराठी माणसांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. या दोन तारखा आपल्या मुलांनी दोन प्रकारे ऐकल्या आहेत. घरी ऐकले ते असे की, शाएस्तेखानाने तीन वर्षे पुणे प्रांत उद्ध्वस्त केला, स्वराज्याचा खजिना रिता झाला, आणि मुघलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून महाराजांनी त्याची भरपाई वसूल केली. शेजारच्या घरात ऐकले ते असे की, सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि शहर जळत राहिले. वीरजी व्होरासारख्या सावकाराची हवेली लुटली गेली. या दोन्ही कथनांत घटना त्याच आहेत. फरक एवढाच की, ऐकणारा कोणत्या ओट्यावर बसला आहे. महाराजांची राज्यस्थापना आणि पडद्यावरच्या तस्कराचा व्यापार यांची तुलना मी करीत नाही. ती करणे अविवेकाचे होईल. मी बोलतो आहे ते ऐकणाऱ्यांविषयी. ज्या समाजाने आपला नायक दुसऱ्याच्या गावात राहून जपला, त्याला तरी हे कळावयास हवे की, जयघोष करणारा प्रत्येक वेळी लुटीचा जयघोष करीत नसतो. त्याच्या मनात दुसरेच काही उभे असते.

माझ्या मनात त्या दिवशी काय उभे राहिले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

चित्रपटातील एक प्रसंग असा. नायकाची पत्नी त्याला म्हणते, मुख्यमंत्र्यांबरोबर एक छायाचित्र काढून आणा. मुख्यमंत्री नकार देतात. तस्कराबरोबर कसले छायाचित्र? तेव्हा नायक ठरवितो की, मुख्यमंत्रीच बदलायचा. साडेतीन मिनिटांच्या अपमानासाठी एवढा खटाटोप! तर्काने पाहिले तर हे हास्यास्पद आहे. आणि नेमक्या त्या ठिकाणी, पासष्टी ओलांडलेल्या माझ्यासारख्या माणसाने टाळी वाजविली. नातवाने वळून पाहिले, तेव्हा मला ते कळले.

माझे वडील सुरतेत एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. त्या सुमारास 'तुमचे राज्य तिकडे' असे कुणीही सहज म्हणून जाई. त्यानंतरच्या एका दिवाळीत, चोपडापूजनाच्या दिवशी, पेढीवर छायाचित्रकार आला. सर्व मंडळी उभी राहिली. तेवढ्यात आतून कुणी म्हणाले, "घाटीने जरा बाजु पर ऊभो राखो." वडील बाजूला सरले. ज्या चोपड्यांची पूजा चालली होती, त्यांतले अक्षर त्यांचे होते. घरी आले ते मिठाईची पेटी घेऊन. बोलले काहीच नाहीत. आईला ही गोष्ट कळली ती कित्येक महिन्यांनी, दुसऱ्याकडून. आणि मला कळली ती वडील गेल्यावर, आईकडून. म्हणून ती माझ्याजवळ राग होऊन कधी आलीच नाही. एक न दिलेले उत्तर होऊन राहिली.

आपल्या काव्यशास्त्रात साधारणीकरणाचा सिद्धान्त आहे. रंगभूमीवरील भाव 'माझा' किंवा 'परक्याचा' राहत नाही, सर्वांचा होतो, आणि म्हणूनच दुःखही आस्वाद्य होते, असा त्याचा आशय. मी पाहिलेल्या प्रेक्षागृहात याच्या उलट घडत होते, असे प्रथम वाटले. तेथे प्रत्येक जण स्वतःचेच दुःख घेऊन बसला होता आणि स्वतःसाठीच टाळी देत होता. रत्नकलाकाराला त्याचा शेठ दिसत होता, पद्मशाली गृहस्थांना हसली गेलेली बोली ऐकू येत होती, आणि मला चोपड्यांच्या राशीशेजारची रिकामी जागा. परंतु अधिक विचार केल्यावर वाटले, हेही एका अर्थी साधारणीकरणच. तेथे जो भाव सामाईक झाला, तो क्रोध नव्हता. 'बाजूला उभा राहा' हे ऐकून घेतल्याची आठवण, एवढीच तेथे सर्वांची होती. म्हणून भाषा वेगळ्या असूनही शिट्टी एकच उठली.

येथपर्यंत आलो तेव्हा माझे समाधान झाले होते. आणि ते टिकले नाही.

कारण आठवणीला मागे जाऊ दिले की ती आपल्याला हवी तेथेच थांबत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत मोठ्या संख्येने वस्तीला आली, तेव्हा आपण जुन्या घरांतील मंडळींनी त्यांचे स्वागत कसे केले, हे आपण आपसांत जाणतो. 'आम्ही त्यांतले नव्हे' हे वाक्य शेजाऱ्यांना सांगण्याची आपल्याला घाई असे. एका गणेशोत्सवाच्या समितीत मी होतो. चारसहा खानदेशी तरुण आले आणि म्हणाले, आम्हांला अहिराणीतून एक छोटे नाटक करायचे आहे. आम्ही कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिले आणि म्हणालो, वेळ शिल्लक नाही. वेळ होता. त्यांच्यातला एक जण "बरं, साहेब" म्हणाला आणि ते निघून गेले. त्यांच्याकडे पुन्हा कुणी गेले नाही, मीही नाही.

वडिलांसाठी टाळी वाजविणारा मी, त्या मुलाच्या कथेत पेढीतला माणूस होतो. अहिराणी बोलणारा नायक पडद्यावर आला आणि मान वर करून उभा राहिला, तर त्या टाळीच्या पलीकडच्या बाजूला माझा चेहरा असेल. 'मास' चित्रपट हे कधी दाखवीत नाही. तो प्रत्येक प्रेक्षकाला अपमानिताच्याच खुर्चीत बसवितो. अपमान करणाऱ्याची खुर्ची तिथे कुणासाठीच राखलेली नसते. हा त्याचा खरा दोष मला वाटतो. तस्कराला नायक करण्याचा दोष त्यापुढे लहान आहे.

आणि आणखी काही माणसे आहेत, त्यांना तर कोणतीच खुर्ची मिळत नाही. ज्या शेषाचलमच्या डोंगरात ही कथा घडते, तेथे ७ एप्रिल २०१५ रोजी तस्करीविरोधी पथकाच्या गोळीबारात वीस माणसे मारली गेली. ती रक्तचंदनाचे राजे नव्हती; तमिळनाडूच्या तिरुवण्णामलै, धर्मपुरी यांसारख्या जिल्ह्यांतून आलेले मजूर होते. त्यांनी दगड-कुऱ्हाडींनी हल्ला केला, असे पोलिसांचे म्हणणे; चकमक बनावट होती, असा मानवी हक्क संघटनांचा आरोप. वाद काहीही असो, लाकडाचा खरा धनी त्या डोंगरात नव्हता. पडद्यावर एक हमाल राजा होतो. प्रत्यक्षात ते वीस जण हमालच राहिले आणि हमाल म्हणूनच मेले. आमची टाळी हमालासाठी असेल, तर ती त्यांच्यापर्यंत पोचावयास हवी होती. ती वाटेतच राजाने घेतली.

तसेच ४ डिसेंबर २०२४ च्या रात्रीचे. हैदराबादच्या संध्या चित्रपटगृहात आदल्या रात्रीच्या खेळाला नायक नट स्वतः आला, गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरीत पस्तीस वर्षांच्या एका मातेचा प्राण गेला. तिचा लहान मुलगा गंभीर अवस्थेत दीर्घकाळ रुग्णालयात राहिला. नटाला १३ डिसेंबरला अटक झाली, उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, आणि देशभर मतांचा पूर आला. दोष नटाचा, चित्रपटगृहाचा की पोलिसांचा? हा प्रश्न न्यायालयाचा आहे. मला जाचतो तो याहून लहान प्रश्न. मी चित्रपट पाहिला तो या घटनेनंतर. वृत्तपत्रात ती बातमी वाचून, घडी करून, मी तिकीट काढले होते. पाहताना ती बाई मला एकदाही आठवली नाही. आठवले ते माझे वडील. आपल्या दुःखाचा असाही एक स्वार्थ असतो.

मग आमच्या शिक्षक स्नेह्यांना मी काय उत्तर द्यावे? त्यांनी टाळीला गुन्हा म्हटले. बाजार तिला निकाल म्हणतो. इतके कोटी मिळाले म्हणजे चित्रपट थोर. पहिल्या भागातील भूमिकेसाठी अल्लू अर्जुन यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तेव्हा बाजाराला शासनाचीही पुस्ती मिळाली. मला वाटते, टाळी यांपैकी काहीच नव्हे. टाळी ही साक्ष आहे. साक्षीदाराला आपण शिक्षा करीत नाही, आणि त्याच्या हाती न्यायदानही देत नाही. पण त्याने जे पाहिले ते दुसऱ्या कुणी पाहिलेले नसते, म्हणून त्याला ऐकून घेतो. कतारगामातील रत्नकलाकाराची टाळी सांगते की, या शहरात घंटीपुढे बसलेल्या माणसाला दिवसभर काय काय ऐकून घ्यावे लागते. ही साक्ष आपल्या परिसंवादांत आजवर आली नाही. ती एका तेलुगू चित्रपटाने मिळविली. 'अभिरुचीचा ऱ्हास' म्हणून ती नोंदवून न घेणे, म्हणजे पुन्हा एकदा 'वेळ शिल्लक नाही' असे सांगणे होय.

परंतु साक्षीनंतर उलटतपासणी असते, आणि सुजाण प्रेक्षकाने ती स्वतःचीच घ्यावी. मी टाळी कुणासाठी दिली? ती देताना माझ्या नजरेतून कोण निसटले? आणि ज्या अपमानावर मी टाळी दिली, तो मी कधी कुणाचा केला आहे काय? तिसऱ्या प्रश्नाशी पोचेपर्यंत टाळीतला उन्माद आपोआप ओसरतो. उरते ती थोडी लाज आणि थोडे शहाणपण. प्लेटोची भीती खरी ठरू नये, असे वाटत असेल, तर नाट्यगृहे बंद करण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक मानवतो.

सुरतेच्या महानगरपालिकेच्या शाळा गुजराती-मराठीबरोबर उडिया आणि तेलुगू माध्यमांतही चालतात. एका शहराने इतक्या भाषांतील मुलांसाठी बाके मांडली, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर मात्र अहिराणीची एक संध्याकाळ अजून व्हावयाची आहे. त्या तरुणांपैकी कुणी आता पन्नाशीजवळ आला असेल. तो सापडला, तर आमंत्रण घेऊन मी स्वतः जाईन, असे येथे लिहून ठेवतो. म्हणजे मला विसरता येणार नाही.

गेल्या आठवड्यात सौभाग्यवतींचा गुडघा सुजला. नातवाने बाहुली काढली आणि सहाणेवर उगाळावयास बसला. मी त्याला शेषाचलमच्या त्या वीस जणांविषयी सांगितले. तो उगाळायचा थांबला. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "आजोबा, पणजीच्या सासूबाईंनी ही आणली, तेव्हा हे लाकूड कुणी तोडलं असेल?" हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणी विचारला नव्हता. "ठाऊक नाही," मी म्हणालो. त्याने लेप वाटीत काढला, बाहुली पुसली आणि जागच्या जागी ठेवली.

जिन्यावरून उतरताना त्याने पुन्हा खांदा उचलून हनुवटीखालून हात फिरविला. मी त्याला हटकले नाही.